केंड घरी आणण्याआधी: खाऱ्या पाण्याच्या टाकीत पफरमासा कसा सांभाळावा

कोकणात या माशाला केंड म्हणतात. जाळ्यात केंड शिरला की मच्छीमाराच्या कपाळाला आठ्या पडतात. तो जाळं कुरतडतो, जाळ्यात अडकलेली म्हाकुलं फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. अरबी समुद्रात हा उपद्रव करणारा मासा मुख्यतः लॅगोसेफॅलस इनर्मिस. घरच्या टाकीत ठेवतात ते त्याचे प्रवाळखडकांत राहणारे भाऊबंद, पण चोच तशीच आणि भूकही तशीच.

केंड म्हटलं की लोकांना त्याचं फुगणं आठवतं. माझ्याकडे सहा वर्षं एक पॉर्क्युपाइन पफर आहे आणि माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे असतं. दात एकमेकांत जुळून झालेली ती चोच जन्मभर वाढत राहते. शंखशिंपले फोडण्यासाठीच ती बनलेली आहे. टाकी केवढी घ्यायची, फिल्टर किती ताकदीचा हवा, वायरी कुठून न्यायच्या, शेजारी कोण ठेवायचे, हे सगळं हे तोंडच ठरवतं. पुढची प्रत्येक पायरी वाचताना ते लक्षात असू द्या.

आधी ओळख पटवा

दुकानात ‘पफर’ म्हणून मिळणारा प्रत्येक मासा खाऱ्या पाण्याचा नसतो. हिरवट-पिवळ्या पाठीवर काळे ठिपके असलेला ग्रीन स्पॉटेड पफर निमखाऱ्या पाण्यातला. तो सर्रास गोड्या पाण्याचा म्हणून विकला जातो आणि गोड्या पाण्यात हळूहळू खंगतो. वाटाण्याएवढा पी पफर आपल्या पश्चिम घाटातल्या केरळ-कर्नाटकच्या नद्यांमधला, पूर्ण गोड्या पाण्याचा. चौकोनी अंगाचा बॉक्सफिशही कधी कधी याच नावाखाली दाखवतात. तो घाबरला किंवा मेला तर त्वचेतून विष पाण्यात सोडतो आणि अख्खी टाकी मरू शकते. नवख्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

खऱ्या सागरी पफरांपैकी सुरुवातीला मी फक्त व्हॅलेंटिनी सुचवतो. पांढऱ्या अंगावर चार काळे पट्टे, लांबी जास्तीत जास्त ११ सेंटीमीटर, दीडशे-दोनशे लिटरच्या टाकीत तो सुखाने राहतो. डॉगफेस पफर ३३ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, चेहरा थेट कुत्र्याच्या पिल्लासारखा. पॉर्क्युपाइन निसर्गात ५० सेंटीमीटरपर्यंत जातो, टाकीत साधारण ३० होतो. या दोघांना पाचशे लिटरच्या खाली ठेवू नये. स्टेलॅटस नावाचा ठिपकेवाला पफर दुकानात तळहाताएवढा दिसतो, पण तो एक मीटरच्या वर वाढतो. तो घरात ठेवायचा मासाच नाही, विक्रेता काहीही म्हणो.

टाकी आणि तिचं वजन

पॉर्क्युपाइनसाठी १५० × ६० × ६० सेंटीमीटर ही माझ्या मते किमान टाकी. तिच्यात ५४० लिटर पाणी मावतं. १२ मिलिमीटरची काच एकटीच शंभर किलोच्या आसपास भरते. त्यात स्टँड, खडक आणि खालचा सम्प, म्हणजे फिल्टर-पंपांची वेगळी टाकी, धरला तर आठशे किलोंचा बोजा एक चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर येतो. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण २०० किलो. हा आकडा पूर्ण खोलीवर पसरलेल्या वजनाचा असतो, म्हणून जड वस्तू तुळईवर, भिंतीलगत ठेवली तर बहुतेक वेळा निभावतं. स्लॅबच्या मधोमध ठेवली तर निभावेलच असं नाही. जुन्या इमारतीत राहत असाल तर टाकी मागवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. माझा हा खर्च झाला आणि टाकीची जागा बदलावी लागली. दिवाणखान्याची शोभा थोडी गेली, पण रात्री झोप लागते.

झाकण घट्ट हवं. पफर चुळकांडी मारून पाणी बाहेर उडवतो आणि खाणं बघून उसळतो. वर विजेचे दिवे असतील तर हे खारं पाणी थेट त्यांच्यावर जातं.

पाणी

समुद्र जवळ आहे म्हणून दादर-जुहूच्या किनाऱ्यावरून कॅनमध्ये पाणी भरून आणू नका. शहराचं सांडपाणी त्याच समुद्रात जातं. पाणी घरीच बनवायचं. नळाचं पाणी आधी आरओमधून आणि मग डीआय काडतुसातून (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या) काढा, म्हणजे टीडीएस, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर येतो. स्वयंपाकघरातल्या आरओवर विसंबू नका. चवीसाठी त्यात क्षार परत मिसळण्याची सोय असते, त्यामुळे मीटर लावला की आकडा शून्याच्या बराच वर दिसतो.

त्यात अ‍ॅक्वेरियमसाठीचं सागरी मीठ घालायचं, लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम. जेवणातलं किंवा खडेमीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरंच काही असतं. वेगळ्या पिंपात छोटा पंप लावून मीठ चोवीस तास फिरवा आणि मग रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपण मोजायच्या यंत्राने, मोजा. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५, तापमान २४ ते २६ अंश, पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, म्हणजे अगदी शून्य. नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आसपास रोखता आला तर उत्तम.

पाणी तयार झालं म्हणजे टाकी तयार झाली असं नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया निघतो. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू खडकांवर आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मासा न घालता प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध नवसागर थोडा थोडा विरघळवून अमोनिया दोन पीपीएमवर न्या आणि रोज मोजा. तेवढा अमोनिया चोवीस तासांत पूर्ण नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य दिसायला लागला की पाणी मोठ्या प्रमाणात बदला. मगच दुकानाची पायरी चढा. या सहा आठवड्यांत धीर सुटतो, हे मी जाणतो. पण घाईने आणलेल्या माशाचे कल्ले अमोनियाने जळतात आणि ते नुकसान पुरतं भरून येईलच असं नाही.

खडक म्हणून किनाऱ्यावरचे प्रवाळ उचलू नका आणि तसे कोणी विकत असेल तर घेऊ नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा कृत्रिम खडक मिळतात, जिवाणू त्यांच्यावरही तितकेच रमतात. तळाला बारीक वाळू पसरा. डॉगफेस पोट टेकून तासन्‌तास पडून राहतो, धारदार खड्यांनी त्याची कातडी सोलते.

फिल्टर, गारवा, वीज

पफर शिंपली फोडतो तेव्हा अर्धं मांस तोंडात जातं आणि अर्धं टाकीभर उडतं. म्हणून प्रोटीन स्किमर टाकीच्या दुप्पट पाण्यासाठी बनवलेला घ्या. स्किमर बारीक बुडबुड्यांवर ही घाण कुजण्याआधीच चिकटवून बाहेर काढतो.

आपल्याकडचा अवघड भाग उन्हाळा. पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पुणे-नागपूरच्या कोरड्या हवेत हे जमतं. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, तिथे पंखा जवळजवळ निरुपयोगी. पाचशे लिटरला मला चिलर घ्यावाच लागला आणि तो खर्च टाकीइतकाच मोठा होता. आधी तेवढे पैसे बाजूला काढा, मग मासा बघा. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं की वरून साधं आरओ-डीआय पाणीच घालायचं. मीठ उडून जात नाही, ते मागे राहतं.

आता पुन्हा तोंडाकडे. पफर हीटरची काच फोडू शकतो, वायर चावू शकतो, सक्शन कपाची चव घेऊन बघतो. हीटर आणि सगळे पंप शक्यतो खालच्या सम्पमध्ये ठेवा. टाकीत हीटर हवाच असेल तर टायटॅनियमचा, वर जाळीदार कवच घातलेला. टाकीच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवून बसवून घ्या. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली ठिबकतं. वीज गेली तर पाण्यातला ऑक्सिजन आधी संपतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप कायम चार्ज करून हाताशी ठेवा.

दुकानात मासा निवडताना

किमान अर्धा तास उभे राहा आणि दुकानदाराला त्याला खायला घालायला सांगा. चांगला पफर काचेपाशी येऊन तुमच्याकडे बघतो, डोळे वेगवेगळे फिरवतो आणि खाणं दिसताच धावतो. पोट आत गेलेलं, डोळ्यांवर ढगाळ पडदा, भरभर श्वास, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, यातलं काहीही दिसलं तर परत फिरा. चोच नीट बघा. वरचे-खालचे दात वाढून तोंड मिटत नसेल तर त्याला बरेच दिवस मऊ खाणं मिळालंय.

‘फुगवून दाखवू का?’ असं कोणी विचारलं तर ठाम नाही म्हणा. फुगणं हा त्याचा जीव वाचवण्याचा शेवटचा उपाय आहे, त्यात त्याची बरीच ताकद जाते. पाण्याबाहेर असताना तो पाण्याऐवजी हवा गिळतो आणि ती हवा कधी कधी बाहेर निघत नाही. म्हणून त्याला जाळीने कधीच उचलायचं नाही. पॉर्क्युपाइनचे काटे तर जाळीत गुंतूनच बसतात. प्लॅस्टिकचा मोठा डबा पाण्यात बुडवून मासा पाण्यासकट आत घ्यायचा.

माझ्याकडे एकदा मदतीला आलेल्या मित्राने घाईत जाळी वापरली आणि मासा हवेने फुगून पाण्यावर उलटा तरंगू लागला. अशा वेळी हात ओले करून त्याला पाण्याखाली अलगद धरा, तोंड वर आणि शेपूट खाली, म्हणजे हवा तोंडाकडे चढते. पोट दाबायचं नाही, फक्त हळूहळू हलवायचं. आम्हाला वीस मिनिटं लागली. तेव्हापासून आमच्या घरात मोठी जाळीच नाही.

विलगीकरण

नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडू नये. व्हॅलेंटिनीसाठी ऐंशी-शंभर लिटरची वेगळी टाकी पुरते, पॉर्क्युपाइनच्या पिल्लाला थोडी मोठी. आत आधीपासून दुसऱ्या टाकीत मुरवलेला स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे ठेवा, वाळू नको. पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, दोन्हीकडचं खारटपण मोजा आणि पिशवीतलं पाणी टाकीत न ओतता मासा सोडा. तिथे त्याने किमान चार आठवडे काढायचे.

पफरला इतर माशांसारखं खवल्यांचं चिलखत नाही, त्यामुळे क्रिप्टोकॅरिऑन म्हणजे सागरी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला चटकन धरतो. बाजारातलं पहिलं औषध तांब्याचं. पफरला ते सोसत नाही. तो खाणं सोडतो, मात्रा जरा चुकली तर मरतोही. मी विलगीकरणाच्या टाकीत पाण्याचं खारटपण कमी करण्याची पद्धत वापरतो. विशिष्ट गुरुत्व दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने १.००९ वर आणायचं, ठिपके गेल्यावरही चार आठवडे तिथेच ठेवायचं आणि मग आठवडाभरात सावकाश परत वाढवायचं. आकडा १.००९ च्या वर सरकला तर परजीवी तग धरतो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर आधी तपासून घ्या आणि पीएच रोज बघा. अंगावर सोनेरी-राखाडी धूळ बसल्यासारखी दिसत असेल आणि श्वास जोरात चालत असेल तर तो वेलवेट नावाचा वेगळा आजार आहे. त्यावर ही पद्धत चालत नाही, त्याच दिवशी माशांच्या डॉक्टरांशी बोला. मोठ्या टाकीतच ठिपक्यांचा रोग शिरला असेल तर सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस रिकामी चालू ठेवायची. माशाशिवाय परजीवी उपाशी मरतो.

खाणं

इथे आपण किनाऱ्यावरची माणसं नशीबवान आहोत. केंडाला जे लागतं ते मासळीबाजारात रोज मिळतं: तिसऱ्या, कालवं, सालासकट कोळंबी, लहान चिंबोऱ्या, म्हाकूल. आणलेलं ताजं असावं, त्याला मीठ-मसाल्याचा हात लागलेला नसावा. धुऊन, एका वेळच्या पुड्या करून आठवडाभर कडक फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे बरेचसे परजीवी मरतात. खायला घालायच्या आधी टाकीच्या पाण्यात वितळवा आणि वितळलेलं पाणी फेकून द्या.

कवच हे महत्त्वाचं. सोललेल्या कोळंबीवर वाढलेल्या पफरचे दात झिजत नाहीत, चोच वाढत जाते आणि एक दिवस समोर खाणं असून त्याला ते धरता येत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तरी त्याला काहीतरी फोडायला मिळालंच पाहिजे. तिसरी जरा किलकिली करून द्या, उरलेलं काम तो करतो. तो कडकड आवाज खोलीभर ऐकू येतो, मला तो फार आवडतो.

पण रोज तिसऱ्याच नकोत. शिंपल्यांच्या मांसात थायमिनेज असतं, ते ‘ब-१’ जीवनसत्त्व मोडून टाकतं, आणि फ्रीझरमध्ये ठेवूनही ते थांबत नाही. एकाच प्रकारच्या खाण्यावर, विशेषतः नुसत्या क्रिलवर (कोळंबीसारखा बारीक सागरी जीव), महिनोन्‌महिने ठेवलेल्या पफरचा जबडा आखडतो आणि तोंड उघडत नाही, असा अनुभव पाळणाऱ्यांमध्ये वारंवार आला आहे. त्यामागे पोषणाची कमतरता असावी असं बहुतेकांचं मत, आणि मीही त्याच मताचा आहे. दोन गोष्टी करा: प्रकार बदलत राहा आणि आठवड्यातून दोनदा खाणं सागरी माशांसाठीच्या जीवनसत्त्वाच्या द्रावणात पंधरा मिनिटं भिजवा. तिसऱ्या नीट शिजवल्या तर थायमिनेज निकामी होतं, उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवणं पुरत नाही. कोंबडी-मटण किंवा गोड्या पाण्यातले जिवंत मासे खायला घालू नका.

किती घालायचं? लहान पफरला रोज थोडं. मोठा झाल्यावर एक दिवसाआड. पोट किंचित गोल दिसलं की थांबा. तो काचेवर येऊन असा बघेल, शेपूट असं हलवेल की तुम्हाला वाटेल बिचारा उपाशी आहे. घरातल्या प्रत्येकाला हे समजावून सांगा. आमच्याकडे आईने दुपारी, बायकोने संध्याकाळी आणि मी रात्री, असं त्याला खाऊ घातलं गेलं होतं आणि पाण्यातला नायट्रेट वाढत का जातोय हे मला महिनाभर कळेना. आता फ्रिजवर कागद लावलाय, घालणाऱ्याने तारीख लिहायची. एखाद-दोन दिवस त्याने तोंड फिरवलं तर घाबरू नका, आधी पाणी तपासा. आठवडाभर खाल्लं नाही किंवा तोंड उघडंच राहिलं तर डॉक्टर.

लांब प्लॅस्टिकच्या चिमट्याने खाऊ घाला, बोटाने नाही. कवच फोडणाऱ्या चोचीला बोट काहीच नाही. दात वाढले असतील तर लवंगतेलाची गुंगी देऊन ते कापता येतात, पण मात्रेचा अंदाज चुकला तर मासा उठत नाही. हे जलचरांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडूनच करून घ्या.

शेजारी

खेकडे, कोळंबी, गोगलगायी, शिंपले: सगळं जेवण. प्रवाळ तो कुरतडतो. सीहॉर्स, लांब पंखांचे आणि सुस्त मासे ठेवू नका, त्यांचे पंख तो चावतो. मोठ्या टाकीत चपळ टँग किंवा मोठा एंजलफिश चालून जातो. एका टाकीत एकच पफर.

विषाबद्दल, घरातल्या सगळ्यांसाठी

बहुतेक सागरी पफरांच्या यकृतात, अंडाशयात आणि पुष्कळदा कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं. १९०९ मध्ये जपानचे योशिझुमी ताहारा यांनी त्याला हे नाव दिलं. त्याच्या आधी १७७४ मध्ये कॅप्टन कुकने न्यू कॅलेडोनियात अशा माशाच्या यकृताची नुसती चव घेतली आणि रात्री हातापायांतली शक्ती गेली. आतडी खाल्लेलं डुक्कर सकाळी मेलेलं आढळलं. हे विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. ओठ-जीभ बधिर होण्यापासून सुरुवात होते आणि श्वास चालवणारे स्नायू थांबतात. रुग्णाला वाचवतो तो व्हेंटिलेटर.

टाकीत हात घातल्याने हे विष बाधत नाही, धोका खाण्यात आहे. तरीही हात घालण्याआधी आणि नंतर साबणाने धुवा, आणि हाताला जखम असेल तर लांब हातमोजे घाला. अ‍ॅक्वेरियमच्या पाण्यातले काही जिवाणू जखमेतून शिरून महिनोन्‌महिने न बरे होणारे फोड आणतात. पफर चावला तर जखम धुऊन डॉक्टरांना दाखवा आणि माशांची टाकी आहे हे आवर्जून सांगा.

मासा मेला तर लगेच बाहेर काढा. कचऱ्याच्या डब्यात उघडा टाकू नका, मांजर-कुत्रं उकरून खाईल. पिशवीत घट्ट बांधून झाकणाच्या डब्यातून द्या किंवा खोल पुरा. सांभाळणं जमेनासं झालं तर जिवंत मासा खाडीत किंवा समुद्रात कधीही सोडायचा नाही. इथला नसलेला मासा आणि टाकीतले रोग दोन्ही त्या पाण्यात जातात. ज्याच्याकडे तेवढीच मोठी, मुरलेली टाकी आहे अशा पाळणाऱ्याला द्या आणि सोबत त्याच्या खाण्याची वही द्या.